गोजराची रास

जा. जा की ड्राइव्हला. मी कुठं अडवतोय? लाईट कधी येईल ते तो लाईटवालाच जाणे. तोवर बसा इथं देवळाच्या पायरीवर आणि ऐका. सयाजी, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर आधी, डोळ्यांत मारतोयस! गीतांजली, आत्ता काय म्हणालीस तू? उद्या रविवार, पनवेलच्या पुढं शेतातला रस्ता हाय, लय सीनिक हाय, रील काढू. सीनिक! अगं, ज्याच्या शेतातनं जाणार त्याला विचारलंस का कधी, की बाबा तुला इथं कसला सीन दिसतो?

नाय, रागावत नाय मी. रागावतोच हाय, जाऊ दे. पण ही इकडची तिकडची बात नाय. आपल्या गोटीरामच्या घरची हाय. गोटीराम माझा लंगोटीयार. या घणसोली गावात आम्ही दोघं एका बांधावर वाढलो, जेव्हा इथं बांध होते. आता त्याची चार माळ्यांची बिल्डिंग हाय, खोल्या भाड्यानं दिलेल्या. त्याचा मुलगा हितेश, सून सुचिता आणि नात उन्नती. उन्नती पहिलीत जाते. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, दिवसभर चिमणीसारखी चिवचिव. हितेश साऱ्या जगाच्या अंगावर धावून जाणारा माणूस, राग कायम नाकावर. पण त्या पोरीसमोर त्याचं मांजर व्हायचं. सिग्नलला रिक्षावाल्याची आई-बहीण काढत असायचा आणि मागनं ती नुसती 'पप्पाऽ' म्हणाली की गप.

तर गेल्या कार्तिकातली गोष्ट. त्रिपुरारी पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्रीची. शनिवार होता. हितेशला काम होतं एवढुसं. पनवेलच्या पलीकडं एका साईटवर वॉचमनला नव्या गेटची किल्ली द्यायची आणि परत यायचं. उन्नती हट्टाला पेटली, मला पण ने. सुचिताची मान दुखत होती, ती म्हणाली, जा घेऊन, मला पण जरा आराम. चार वाजता बापलेक निघाले. पाम बीचवर पोरीनं मक्याचं कणीस मागितलं, ते घेतलं. खांदेश्वर मागं पडलं, पनवेल सुटलं, हायवेच्या पुलाखालनं गाडी वळली आणि तो रस्ता सुरू झाला.

आता त्या रस्त्याचं सांगतो. गावाचं नाव नाय सांगणार, तिथं माझी सोयरीक हाय. एक गाडी नीट जाईल आणि दुसरी आली की कुणीतरी एकानं बाजूला व्हायचं, एवढाच रस्ता. दोन्ही अंगाला भाताची शेतं. पलीकडं डोंगर. खाडीचं पाणी आत येतं तिथं बगळे. दिसायला देखणा, मी नाय म्हणत नाय. हितेशनं त्याच देखणेपणाचं दुकान मांडलं होतं. फार्महाऊसचे प्लॉट विकायचा तो. दर रविवारी ऐरोलीचं, नाहीतर मुलुंडचं गिऱ्हाईक मोठ्या गाडीत घालायचं आणि त्या रस्त्यानं हळूहळू फिरवून आणायचं. 'लेफ्टला हिल व्ह्यू, सर. राईटला पॅडी व्ह्यू.' भाताच्या शेताला व्ह्यू! अरे, तुझ्या आज्यानं त्या चिखलात कंबर मोडून घेतली, आणि तू त्याचा व्ह्यू विकतोस? पण विकत होता. एका वळणावर गाडी थांबवायचा, गिऱ्हाईक फोटो काढायचं, आणि पुढच्या वळणावर पत्र्याचं कंपाउंड, आत प्लॉट.

त्या पत्र्याच्या आत पूर्वी काय होतं, माहीत हाय? खळं. तुम्ही पोरांनी खळं कुठं बघितलंय म्हणा. सारवलेली सपाट जागा असते. भात झोडायचं, वारा द्यायचा आणि दाण्याची रास घालायची, सगळं तिथंच. चार-पाच घरांचं मिळून खळं होतं ते, पण कागदावर नाव दोन भावांचं. हितेशनं त्या भावांना गाठलं, गोड बोलला, व्यवहार झाला. एका रात्रीत जेसीबी फिरला.

त्या भावांची चुलती होती गोजरा. नवरा जाऊन जमाना झालेला, पोरबाळ नाय. एक तुकडा शेत होता, तो स्वतः कसायची. खळं गेलं तेव्हा पुतण्यांना म्हणाली, 'माजी रास कुठं घालू?' पुतण्या म्हणाला, 'घाल रस्त्यावर.' टोमणा मारला त्यानं. आणि म्हातारीनं खरंच रस्त्यावर घातली! काय करणार होती? डांबर स्वच्छ, वारा चांगला. निम्म्या रस्त्यावर भात पसरायची आणि कडेनं दगड लावायची, म्हणजे गाडीवाल्यानं बघून, एक चाक मातीत घालून जावं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या थोडं आधी, हितेश गिऱ्हाईक घेऊन त्या वळणावर आला. मागं ऐरोलीचे नवराबायको बसलेले. बाई खिडकीतनं व्हिडिओ काढतेय. समोर रस्त्यात दगड, भाताची रास आणि राशीपुढं बसलेली गोजरा. हातात लाकडी पायली, कडेला पितळेची पट्टी मारलेली. पायली म्हणजे धान्य मोजायचं माप रे. भरायची, गोणीत ओतायची. भरायची, ओतायची. ओठ नुसते हलतायत.

हितेशनं हॉर्न दिला. त्याचा हॉर्न माहीत हाय ना तुम्हाला? तीन सुरांचा, मुद्दाम बसवून घेतलेला. गल्लीत शिरला की झोपलेली पोरं रडत उठायची. म्हातारीनं मान वर केली नाय. परत दिला. नाय. मागनं ती बाई म्हणाली, 'इकडे लोकल लोकांचा प्रॉब्लेम आहे का?' झालं! हितेशच्या तळपायाची आग मस्तकात. उतरला खाली. लाथेनं एकेक दगड उडवला.

'ए म्हातारे, रस्ता काय तुझ्या बापाचा हाय? ऐकू येत नाय का? बहिरी हायस?'

गोजरा पायली भरतेय, ओततेय. ओठ हलतायत. त्याला वाटलं, शिव्या घालतेय मनातल्या मनात.

'बोलायची पण लाज वाटते काय गं? थांब, दाखवतो!'

आणि बसला गाडीत, आणि घातली गाडी राशीवर! सयाजी, चाकाखाली भात जाताना आवाज होत नाय फारसा. सर्रर्र होतं नुसतं. पण त्यात एकदा कडाक् झालं. पायली होती ती. म्हातारीनं हात काढून घेतला म्हणून हात वाचला. भात उडाला, अर्धा गटारात, अर्धा धुळीत. मागच्या बाईनं काय केलं असेल? काच वर केली. धूळ येत होती ना. आणि पुढं जाऊन प्लॉट बुक केला त्यांनी त्याच संध्याकाळी. माझ्या तोंडात वाईट शब्द येतोय, पण देवळाच्या पायरीवर बसलोय.

रात्री घरी आला तो हसत हसत. जेवताना बापाला सांगायला लागला. म्हातारी बहिरी होती का माजलेली होती, काय कळलं नाय, एक शब्द बोलली नाय बाबा, नुसती पुटपुटत होती. गोटीरामचा घास हातातच राहिला.

'काय करत व्हती ती?'

'भात मोजत होती.'

गोटीरामनं ताट ढकललं. भरल्या ताटावरनं उठला, जो माणूस शीत सांडलं तरी उचलून खातो.

'आरं गाढवा! रास मोजनारं मानूस बोलतं काय कदी? तुला एवढं पन म्हाईत नाय? तू कुनाच्या पोटचा रे?'

हे तुम्हाला पण माहीत नसणार, म्हणून सांगतो. आमच्याकडं रास मोजायला बसलं की बोलायचं नाय. घरात कुणी मेल्याची खबर आली तरी नाय. पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाय आम्ही. 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन... असं. मोजणारा मोजतो, समोर घरातलं एखादं पोर गोणीचं तोंड धरून बसतं आणि बाकी सगळे चिडीचूप. मध्ये कुणी बोललं तर मोजणी मोडली. परत लाभापासून सुरू. आणि मोडलेली रास तशीच टाकून उठायचं नाय. वर्षाची लक्ष्मी असते ती, अर्धी टाकली तर ती वाट बघत राहते, असं आमची आई म्हणायची.

म्हणजे म्हातारी माजलेली नव्हती. ती हितेशला उत्तर देऊ शकत नव्हती. तो शिव्या देत होता आणि ती बिचारी सहा, सात, आठ करत होती. आणि हे त्याला कळलं नाय. शेतकऱ्याच्या नातवाला! ऐरोलीच्या त्या बाईला कळलं नाय तर मी समजू शकतो.

गोटीराम म्हणाला, 'उद्या सकाली नारल घेऊन जा. तिच्या पाया पड. रास मोजून दे तिची.' हितेश म्हणाला, बघतो. जात असतोय? सकाळी उठून नव्या पार्टीला भेटायला वाशीला गेला.

आणि गेला असता तरी उपयोग नव्हता. गोजरा त्या संध्याकाळी घरी गेलीच नव्हती. झाडणी घेऊन रात्रभर डांबरावरनं दाणे गोळा करत बसली. एकटीनं. पुतण्यांच्या घरात टीव्ही चालू होता, त्याचा उजेड तिच्या अंगावर पडत होता, मला त्या गावच्या माणसानं सांगितलं हे. पहाटे दूधवाल्याला दिसली. राशीला टेकून पडलेली. थंडगार. रास परत घातलेली, एका बाजूला गोणी. गोणी अर्धी.

गाडी तिला लागली नव्हती. कायद्यानं हितेश सुटला. पुतण्यांनी घाईनं उरकलं, रस्त्यावरचं भात गोण्यांत लोटलं फावड्यानं. मोजलं नाय कुणी. पुढं तेराव्याला पण कुणाला वेळ नव्हता.

तेरावा कधी होता माहीत हाय? मी सुरुवातीला सांगितला ना दिवस, त्रिपुरारीच्या दुसऱ्या दिवशीचा. तोच.

त्या दिवशी साईटवर हितेश पोचला तर वॉचमन बाजारात गेलेला. थांबावं लागलं. उन्नतीनं पत्र्याच्या आत धावाधाव केली, बगळे बघितले, दमली. वॉचमन उशिरा आला, त्याच्यावर हितेश भरपूर ओरडला, किल्ली हातात कोंबली. निघाले तेव्हा रात्रीचे पावणेनऊ. चंद्र वर आलेला, आदल्या दिवशीच पुनव झालेली. शेतं कापलेली. चांदणं असं की हेडलाइट बंद केले तरी चाललं असतं. उन्नती मागच्या सीटवर आडवी झाली. हितेशनं स्वेटर टाकला तिच्या अंगावर.

वळण आलं.

आणि त्यानं ब्रेक मारला. समोर दगड. कडेनं ओळीनं लावलेले. आणि भाताची रास.

घाबरला नाय तो. खोटं कशाला सांगू. त्याला रागच आला. म्हणाला, एक गेली तर दुसरी बसली वाटतं! या गावच्या लोकांना सरळ करायलाच पाहिजे. हॉर्न दाबला. तीन सूर शेतावरनं डोंगरापर्यंत गेले आणि परत आले. राशीपुढं कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. वाकलेलं. पदर डोक्यावरनं.

उतरला. 'ए बाई! ऊठ! रात्रीचे काय धंदे लावलेत?'

हात हलत होता. भरायचा, ओतायचा. दाणे पडल्याचा आवाज. बारीक. पावलं टाकत तो जवळ गेला, आणि त्याला शब्द ऐकू आले.

'...अकरा... बारा...'

'अगं ए!'

हात थांबला. पाठ तशीच. वारा पण थांबल्यासारखा झाला. गोणीतलं भात परत राशीवर ओतलं गेलं, सगळं. मग... आवाज परत आला. तोच. चिडलेला. दातांतनं आल्यासारखा.

'लाभ.'

आता त्याला दिसली पायली. चांदण्यात पितळेची पट्टी चमकली. पायली एका बाजूनं चेपलेली होती. चिरा पडलेली. तिच्यातनं भात गळत होतं, तरी ती भरतच होती.

गीतांजली, जवळ सरक हवं तर. मी काय म्हणत नाय.

हितेशची बोबडी वळली. पळत गाडीकडं आला. म्हणाला, वरनं जाऊ, रिव्हर्स घेऊ, कसंपण जाऊ. दार उघडून आत बसला. चावी फिरवली. इंजिन गप्प. परत फिरवली. गप्प. मागं बघितलं, पोर उठली तर नाय ना म्हणून.

मागचं दार उघडं होतं.

स्वेटर होता. उन्नती नव्हती.

'उन्नती! उन्नतीऽऽ!'

ओरडतच खाली उतरला. आणि समोर बघितलं तर... राशीच्या पलीकडं. म्हातारीच्या समोर. मांडी घालून. दोन वेण्या. दोन्ही हातांनी गोणीचं तोंड धरून बसलेली.

'उन्नती! ये इकडं! ए, माझ्या पोरीला हात लावशील तर...'

हात थांबला.

भात राशीवर ओतलं गेलं.

'लाभ.'

धावला तो. धावतोय, धावतोय, पायाखाली भात. घोट्यापर्यंत. दाणे सरकतायत, पाऊल मागं येतंय. चार पावलांवर रास. आणि चार पावलांवरच राहतेय. शिव्या दिल्या त्यानं. लाभ. धमकी दिली. लाभ. देवीची शपथ घातली. लाभ. दरवेळी मोजणी मोडायची, दरवेळी गोणी रिकामी व्हायची. आणि दरवेळी उन्नतीची बोटं गोणीच्या काठावर जास्तच आवळायची. पोरगी रडत नव्हती. बापाकडं बघत नव्हती. हात उघडे होते तिचे. थंडीनं लाल झालेले.

मग ते लाल हात बघून त्याला बापाचं बोलणं आठवलं. रास मोजनारं मानूस बोलतं काय कदी?

बसला तो. तिथंच, डांबरावर. तोंडावर हात दाबला.

गप्प.

अरे, तो माणूस जन्मात कधी गप्प बसला नव्हता. लग्नात भटजीशी भांडला होता. आणि आता पोरगी समोर, आणि शब्द काढायचा नाय. त्याला माफी मागायची होती हो. खरंच मागायची होती. चुकलो म्हणायचं होतं, पाया पडायचं होतं. ते पण गिळायला लागलं. माफी पण बोलूनच मागतात ना.

'...पाच... सहा...'

दाणे पडतायत.

'...चौदा... पंधरा...'

वीस झाल्या की म्हातारी मूठभर दाणे बाजूला ठेवायची. खूण म्हणून. आमचे आजे ठेवायचे तसंच. एक मूठ. मग दुसरी. गोणी फुगत चालली. चंद्र माथ्यावर आला. हितेशच्या मांड्या बधिर झाल्या, डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, पण हात तोंडावरनं काढला नाय. खिशात फोन थरथरत होता. सुचिताचा असणार. घेतला नाय.

रास उतरत आली. आधी ढीग. मग उंचवटा. मग खालचं डांबर दिसायला लागलं. काळं. ओंजळ-दोन ओंजळ दाणे उरले. उन्नतीनं पहिल्यांदा मान वर केली. बापाकडं बघितलं. त्याच्या जिवात जीव आला.

एकच पायली उरली होती. म्हातारीनं हातानं दाणे ओढले. भरायला लागली.

आणि मागनं हॉर्न वाजला.

मोठा. कर्कश. हितेशच्या कानात घुसला. परत वाजला. कुणी गाडीवाला आला होता मागनं, रस्ता मागत होता. परत. परत. थांबेचना! एवढ्या वेळचा गिळलेला राग, भीती, सगळं उसळून वर आलं त्याच्या. वळला तो आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

'दिसत नाय का रे भXX, रास मोजतेय ती!'

...

मागं कुणी नव्हतं.

रस्ता मोकळा. लांबपर्यंत. चांदणं. त्याची एकट्याची गाडी उभी. आत कुणी नाय. आणि हॉर्न... तीन सुरांचा... तिच्यातनंच येत होता.

मग तो पण थांबला.

हितेशला मागं वळून बघवेना. राशीकडं. ऐकत राहिला. कधी एकदा ती म्हातारी परत...

आवाज आला.

'लाभ.'

म्हातारीचा नव्हता.

बारीक होता. पडलेल्या दातातनं हवा निघालेला.

वळून बघितलं त्यानं. रास नव्हती. दगड नव्हते, गोणी नव्हती. काळं डांबर, बस. आणि उन्नती मागच्या सीटवर झोपलेली, स्वेटर अंगावर, जशी झोपवली होती तशी. हाताची बोटं मात्र वळलेली. काहीतरी धरल्यासारखी. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. कसा आला घरी, त्यालाच माहीत. तीन वाजता गोटीरामनं दार उघडलं तेव्हा पोरीला कडेवर घेऊन उभा होता, आणि बापाच्या पायांवर कोसळला. पोर सुचिताकडं दिली आणि बापाला बाहेर गच्चीत नेऊन सांगितलं त्यानं सगळं. त्यानंतर कुणाला नाय सांगितलं. मला गोटीरामनं सांगितलं.

सकाळी उन्नती उठली. हसतखेळत. ताप नाय, काय नाय. काल काय झालं विचारलं तर म्हणते, बगळे बघितले. पोर रात्री सुखरूप आली म्हणून सुचितानं देवीला नारळ बोलला, म्हणाली, सुटलो. नाश्त्याला इडल्या केल्या होत्या. पोरगी ताटलीत बोट दाखवून मोजायला लागली.

'लाभ. दोन. तीन. चार.'

सुचिताला कळलंच नाय. ती म्हणाली, काय गं हे, एक म्हण. पोरीनं आईकडं बघितलं नाय. बोट परत पहिल्या इडलीवर नेलं. 'लाभ.'

मागनं धप्प आवाज झाला. गोटीराम खाली बसला होता भिंतीला धरून.

काय म्हणालास सयाजी? आज्यानं शिकवलं असेल? अरे शहाण्या, हा प्रश्न मी पण विचारला. गोटीराम ढसाढसा रडला माझ्यासमोर. चाळीस वर्षांत या गावात कुणी रास मोजली नाय. हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाय. बाप-लेकाचं त्या रात्री जेवताना वाजलं तेव्हासुद्धा त्यानं लाभाचं नाव काढलं नव्हतं, आणि पोरगी तर भाऊबीजेला मामाकडं गेली होती, चार दिवस तिकडंच होती. मग कुठनं आला तो शब्द? तू सांग. मला तर माहीत नाय.

गोटीराम त्या गावी जाऊन आला. नारळ वाढवला, पुतण्यांच्या घरातल्या गोण्या मागितल्या, म्हणाला, मी मोजतो. पुतण्यांनी भात कधीच गिरणीत घातलं होतं. खाऊन पण झालं होतं. काय मोजणार? हितेशनं हॉर्न काढून खाडीत फेकला. प्लॉटचा धंदा सोडला. पण त्यानं काय होतंय? दुसरे दहा उभे राहिले. तुम्हीच निघालात की उद्या! तिथं आता सेल्फी पॉइंट केलाय म्हणे, पत्र्यावर फुलं रंगवलीत. माझं डोकं फिरतं बघ... असू दे.

पोरगी ठीक हाय तशी. शाळेत जाते, खेळते, चिवचिव करते. पण मोजायला लागली की बदलते. पेन्सिली, गोट्या, जिन्याच्या पायऱ्या, काहीही. मध्ये कुणी हाक मारली, मध्ये कुणी हसलं, की थांबते. परत पहिल्यापासून. बाईंनी शाळेत ओरडून बघितलं, एकदा दुपारची सुट्टी होईपर्यंत मोजत होती. म्हणून आता घरात तिनं मोजायला घेतलं की टीव्ही बंद, पंखा बंद, कुकरची शिट्टी पण काढून ठेवतात. आणि हितेश, ज्याच्या आवाजानं गल्ली हादरायची, तो दाराशी उभा राहतो. तोंडावर हात दाबून.

शाळेतनं आल्यावर आईबरोबर देवळात येते ती. रोज. कधी उशीर झाला तर या वेळी पण...

श्श.

सयाजी, हलू नको. पाय घे आत. तिला जागा दे.

गीतांजली, बोलायचं नाय. खालच्या पायरीवर हाय ती. ऐक.

...

तोंड उघडाल तर याद राखा. वरच्या पायरीपर्यंत पोचू दे तिला.